रुळलेलं पिस्तूल

१

पिस्तूल चोरीला गेलं तर तक्रार कशी लिहायची, हे ठाण्यातला कोणताही हवालदार झोपेतही सांगेल. पण पिस्तूल परत मिळालंय, नंबर तोच आहे, काडतुसं मोजून तेवढीच आहेत आणि तरीही मालक बोंब मारतोय की माझं पिस्तूल कोणीतरी वापरलं, तर काय लिहायचं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की नाशकातले परवानेवाले आपापली हत्यारं ठाण्यात जमा करतात आणि निकाल लागला की पावती दाखवून परत नेतात. दर निवडणुकीचा हा शिरस्ता. जानेवारीच्या अखेरीस ती परत द्यायचं काम चालू होतं. ठाण्याच्या शस्त्रखोलीत दिशा खोडे बसली होती. वय एकोणतीस, नोकरीला सात वर्षं, आणि फौजदारपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेत नुकतीच पास झालेली. यादी लागायची तेवढी बाकी होती.

मखमलाबाद शिवारात गुलाबाची चार पॉलिहाऊस असलेले कुंदन जेजुरकर पावती घेऊन आले. दिशानं त्यांचं छोटं बत्तीस बोअरचं पिस्तूल काढलं आणि नियमाप्रमाणे ते रिकामं असल्याचं दाखवायला त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, दोन बोटांनी मागे ओढली. ती लोण्यासारखी सरकली.

कुंदनशेठ बघतच राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "हे कोणी वापरलं? माझं पिस्तूल कोरं करकरीत हाय. त्याची स्लाइड भल्याभल्यांना ओढवत नाय, आन् तुम्ही दोन बोटांनी ओढता? दीड महिन्यात किती गोळ्या झाडल्या यातनं? कोणावर झाडल्या?"

संध्याकाळपर्यंत लेखी तक्रार साहेबांच्या टेबलावर होती. जमा असलेलं हत्यार बाहेर काढून वापरलं, आणि शस्त्रखोलीची किल्ली एकट्या दिशाकडे. साहेबांनी तिला बोलावून एवढंच सांगितलं, "सोमवारपर्यंत काही उलगडलं तर ठीक. नाहीतर मला हे वर पाठवावं लागेल. मग निलंबन, चौकशी... यादीचं तर विसरच."

दिशा बाहेर आली आणि तिनं एकच फोन केला.

२

बाळाजी गायधनींच्या घराण्यात सात पिढ्या रामकुंडावर पूजा सांगत आल्या. बाळाजींनी मात्र चौतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका उघडल्या, पुसल्या आणि परत जोडल्या. भाऊबंद म्हणायचे, कुळाला बट्टा लावला. बाळाजी म्हणायचे, तुमच्या मंत्रानं नेम लागत असता तर मीही मंत्रच म्हटले असते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि पत्नी इंदिराबाईंच्या हाताखाली मटार सोलायला लागले. दिशा त्यांच्या शिकाऊ बॅचमधली; फोन तिनं त्यांनाच केला होता. पिस्तूल उघडताना स्प्रिंग उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून जी पोरगी श्वास रोखून बसायची, ती गोळ्या चोरून झाडेल, हे त्यांना पटेना. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

साहेबांनी पिस्तूल तपासून मत द्यायला बाळाजींना लेखी सांगितलं आणि शुक्रवारी सकाळी कुंदनशेठ स्वतः ते घेऊन पंचवटीत त्यांच्या घरी आले. पन्नाशीचे, भरदार, पांढऱ्या शर्टावर जाकीट. त्यांनी शर्ट वर करून कंबरेच्या आतून चामड्याचं म्यान काढलं. चामडं पिस्तुलाच्या आकाराचं होऊन गेलं होतं.

"रोज जवळ असतं वाटतं," बाळाजी म्हणाले.

"पोळ्याच्या सुमारास घेतलं, तेव्हापासून एक दिवस सुटला नाय. कोणाला दिसतसुद्धा नाय, काका. त्यासाठीच छोटं घेतलं."

"परवाना कशासाठी मिळाला?"

कुंदनशेठनी म्यान पुढ्यात ठेवलं. "दोन वर्षांखाली घोटीच्या रस्त्याला चौघांनी गाडी अडवली. रस्त्यावरच्या जमिनीचं भांडण होतं, माझं त्यात नाव. मारलं लय. अजून निरोप येतात त्यांचे."

इंदिराबाईंनी चहा आणला. कुंदनशेठनी उजव्या हातानं कप घेतला. डावा हात जाकिटाच्या खिशात होता तो तिथंच राहिला.

"दुकानदारानं काय सांगितलं होतं घेताना?"

"की नवं हाय, घट्ट हाय. दीडदोनशे गोळ्या गेल्या की रुळेल, तोवर अडकेलसुद्धा, भरोसा ठेवू नका. आता मला सांगा, एका वेळी काडतुसं मिळतात पंचवीस. ती झाडून बसलो तर जवळ काय ठेवू? मी एक पण झाडली नाय. पंचवीस घेतली, पंचवीस जमा केली, पंचवीस परत मिळाली."

"मग हे जरा ओढून दाखवा बरं. पूर्वी किती घट्ट होतं, ते तुमच्या हाताला आठवेल."

"तुम्हीच बघा ना. तुमचा हात त्यातला." पिस्तूल तिथंच ठेवून कुंदनशेठ उठले. "मला एवढंच कळू द्या, की माझ्या पिस्तुलानं कुठं काही झालेलं नाय. उद्या एखाद्या मुडद्यात गोळी सापडली आन् माझ्या नावावर आली, तर मी कोणाकडं बघायचं?"

त्यांची भीती काही खोटी नव्हती, हे बाळाजींना मानावं लागलं. ते गेल्यावर त्यांनी खिडकीशी पाट मांडला, जुनं भिंग घेतलं आणि पिस्तूल उघडलं. दाण्याचं कूट करता करता इंदिराबाई येऊन बघून गेल्या.

स्लाइड ज्या रुळांवरून सरकते ते रूळ आरशासारखे चमकत होते. एवढी झिलई पाचपन्नास हिसक्यांनी येत नाही. हजारोंनी येते. पण नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथून काडतूस चढतं, तिथे कारखान्यातल्या तासणीच्या बारीक रेघा जशाच्या तशा होत्या. काडतूस ओढणाऱ्या आकड्याच्या खाचेत बाळाजींनी टाचणीला कापूस गुंडाळून फिरवला. पुसून कितीही लख्ख केलं तरी त्या खाचेत काजळी लपून राहतेच. कापूस पांढराच निघाला.

आणखी एक गोष्ट होती. स्लाइडच्या मागच्या बाजूला पकडीसाठी खाचा असतात. त्या खाचांत लाल कुंकू बसलेलं होतं, खंडेनवमीच्या पूजेचं. आमच्याकडे मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, पिस्तूल कसं सुटेल? मात्र दोन्ही बाजूंना एकेका बोराएवढ्या जागेत ते पार पुसलं गेलं होतं. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला वाकवलेलं बोट. बोटं लहान होती.

इंदिराबाईंनी विचारलं, "मग? किती झाडल्यात?"

"एकही नाही," बाळाजी म्हणाले. "आणि तरी हे पिस्तूल रुळलंय."

३

शनिवारी ठाण्यात बाळाजींनी दिशाला समोर बसवलं. तिचे डोळे सुजले होते.

"सर, तुम्ही म्हणाल गोळी झाडली नाही, ते साहेब मानतीलही. पण दीड महिना ते माझ्याच ताब्यात होतं. मी रिकाम्या वेळी खेळत बसले असंच सगळे म्हणणार. तेवढंही पुरतं मला घरी बसवायला."

ते खरंच होतं. वर पाठवायच्या कागदात 'झाडलं' ऐवजी 'हाताळलं' एवढाच काय तो फरक पडला असता. त्यात तिची बोटंही लहान होती, हे बाळाजींच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"जमा केलं त्या दिवसाचं रजिस्टर दाखव."

रजिस्टर आलं. बाळाजींनी चष्मा वर केला. दिशाचं अक्षर त्यांना माहीत होतं, छापल्यासारखं. आणि त्या पानावरच्या नोंदी तर पहिलीतल्या मुलानं लिहिल्यासारख्या होत्या. जेजुरकरांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'चेंबर रिकामे, स्वतः खात्री केली.'

"हे कोणाचं गं अक्षर?"

"माझंच. डाव्या हातानं लिहिलंय. त्याच्या आदल्या आठवड्यात स्कूटरवरून पडले होते ना, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. साहेबांनी म्हणूनच फिल्डवरून काढून इथं बसवलं."

"प्लास्टर कधी निघालं?"

"संक्रांतीच्या नंतर."

बाळाजींनी ती नोंद पुन्हा वाचली. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग एका हातानं तू खात्री केलीस कशी?"

"बाकीच्यांना सांगितलं, तुम्हीच ओढून दाखवा. जेजुरकर शेठ पिस्तूल टेबलावर ठेवून फोन आला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत. मागं रांग. मग मी पिस्तुलाची मूठ टेबलाच्या कडेला टेकवली, प्लास्टरनं दाबून धरली आणि डाव्या हाताच्या बोटांनी ओढली." ती मध्येच थांबली. तिच्याही लक्षात आलं होतं. "सर... ती सहज आली होती."

"कोरं करकरीत पिस्तूल तुला तसं ओढता आलं असतं?"

"दोन्ही हात धड असते तरी कष्टानं."

बाळाजींनी तिच्या दवाखान्याचे कागद मागून घेतले, तारीख पाहिली आणि रजिस्टरच्या त्या पानाची छायाप्रत काढायला सांगितली. पिस्तूल ठाण्यात यायच्या आधीच सैल झालं होतं. कुंकू लागलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जमा झालं डिसेंबरच्या मध्यात. त्या अडीच महिन्यांत ते एक तर कुंदनशेठच्या कंबरेला होतं, नाहीतर त्यांच्या घरात.

"म्हणजे माझी सुटका झाली?" दिशानं विचारलं.

"अजून नाही. उद्या शेठ म्हणाले, जमा करायच्या दिवशी सकाळीच मी ओढून पाहिलं, घट्ट होतं, तर काय करशील? तुझा शब्द आणि त्यांचा शब्द. तुझं वाकडं अक्षर त्यांच्या शब्दापुढं किती टिकेल सांगता येत नाही. कोणी ओढलं ते कळलंच पाहिजे."

४

रविवारी सकाळी बाळाजी मखमलाबादला गेले. घर नवं, अंगणात गुलाबाच्या जुड्या बांधायचं काम चाललेलं. कुंदनशेठ अंघोळीला गेले होते, आणि त्यांची अंघोळ, व्यायाम, पूजा म्हणजे तासाभराचं प्रकरण, असं त्यांचा मेहुणा सुयश हसत म्हणाला. सुयश ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे येऊन पंप, मोटारी दुरुस्त करायचा. आत्ताही तो एका व्हॉल्वला झिलई देत बसला होता.

फिटर, झिलई आणि घट्ट पिस्तूल. बाळाजींचे कान टवकारले.

"पिस्तूल कधी हातात घेतलं होतंस?"

"दाजी हात लावू देतील तर ना! एकदा म्हटलं, द्या, घासायचं कंपाउंड मारून तासाभरात गुळगुळीत करून देतो. तर म्हणाले, तुझं नाव परवान्यावर हाय का?" त्यानं व्हॉल्व पुढे केला. "हे असं झालं असतं बघा."

बाळाजींनी भिंग लावलं. व्हॉल्वच्या झिलईत आडव्या, तिरप्या, गोल अशा शेकडो ओरखड्यांचं जाळं होतं. पिस्तुलाच्या रुळांवर मात्र एकच एक उभी दिशा होती, पुढून मागे. ते घासलेलं नव्हतं. ओढून ओढून झालेलं होतं. सुयशचा अंगठा तर एखाद्या लिंबाएवढा. त्याला त्यांनी मनातल्या मनात यादीतून खोडला.

आतून कुंदनशेठच्या पत्नी साधनाताई पाणी घेऊन आल्या. शांत बाई, चाळिशी उलटलेली. अंगठ्याला आणि बोटाला घट्टे होते, पण गुलाबाच्या कात्रीनं मखमलाबादच्या निम्म्या बायकांना ते असतात.

"पिस्तूल घरात कुठं असतं, ताई?"

"देवघराखालच्या खणात. खंडेनवमीला तिथंच पुजलं, तेव्हापासून ते अंघोळीला गेले की तिथंच ठेवतात. किल्ली देवाजवळ."

बाळाजींनी देवघर पाहू का म्हणून विचारलं. सात पिढ्यांच्या भटजीपणाचा एवढा तरी उपयोग व्हावा. देव स्वच्छ, फुलं ताजी, समईत तीळतेल. ताम्हनाशेजारी तुळशीची जपमाळ होती. तिचे मणी काळपट, तुकतुकीत दिसत होते. तुळशीची माळ हातानं काळवंडते, पण तिला कोणी तेल चोपडत नाही. बाळाजींनी ती उचलून नाकाशी नेली.

तीळतेलाचा वास नव्हता. जो होता तो चौतीस वर्षं त्यांच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा येत होता. बंदुकीच्या तेलाचा.

त्यांनी मागे वळून पाहिलं. साधनाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि न्हाणीघराकडे पाहिलं.

५

"काका, यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता.

"ताई, कायद्यानं परवाना त्यांचा. तुम्ही हात लावणंही गुन्हा होतो."

"ठाऊक हाय. सुयशला ते म्हणाले तेव्हा ऐकलं होतं." त्या खाली बसल्या. "तुम्ही त्यांचा डावा हात पाहिला?"

"खिशात असतो."

"घोटीच्या रस्त्याला चार बोटं मोडली. डॉक्टरनं जुळवली, पण जोर नाय राहिला. दुधाच्या पिशवीची गाठसुद्धा सुटत नाय. कोणाला कळू देत नाहीत. ते पिस्तूल आणलं त्या दिवशी खोलीत दार लावून ओढायला गेले. मी फटीतनं पाहिलं. तीनदा ओढलं, अर्ध्यावर येऊन सुटलं, कातडी सापडली, रक्त आलं. मग म्यानात घातलं आन् दुसऱ्या दिवसापासून कंबरेला लावून हिंडायला लागले. सगळ्यांना वाटतं शेठ आता तयारीत हायेत." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मलाच ठाऊक, की ते लोक पुन्हा समोर आले तर यांच्या हातनं ते उघडायचं नाय. लोखंड बाळगून मरतील."

"म्हणून तुम्ही..."

"दुकानदाराचं बोलणं यांनीच सांगितलं होतं, दोनशे वेळा चाललं की रुळतं. गोळ्या कुठनं आणू? म्हटलं, नवी कात्री नाय का आपण रिकामीच चालवून सैल करत, तसं करू. गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढायचं, मोबाइलवर पाहून शिकले. ते रिकामंच असायचं, म्हटलं देवापाशी ठेवताना गोळ्या काढून ठेवत असतील. पहिल्या दिवशी चारदा ओढलं आन् खांदा धरला. मग वाढवत नेलं. एक हिसका, एक मणी. दोन माळा रोज, ते अंघोळीला गेले की. दसऱ्यापासनं जमा करेपर्यंत."

बाळाजींनी मनात हिशेब मांडला आणि सोडून दिला. एखाद्या कारखान्यानं एवढं चालवून पिस्तूल विकलं नसतं.

"शेठनी आरोप केला तेव्हा तरी बोलायचं होतं."

"तक्रार देऊन आल्यावर कळलं मला. आता सांगावं, तर त्यांचा परवाना जाईल. त्याहून म्हणजे त्यांना कळेल की मला कळलंय." त्यांनी वर पाहिलं. "त्या पोलीस पोरीचं काय होईल?"

"उद्या तिच्या निलंबनाचा कागद वर जाईल."

साधनाताईंनी त्यांच्या हातातून जपमाळ घेऊन ताम्हनाशेजारी परत ठेवली. पाण्याचा आवाज बंद झाला.

"मी खोटं बोलणार नाही," बाळाजी उठत म्हणाले. "पण विचारल्याशिवाय तुमचं नावही घेणार नाही. उद्या ठाण्यात त्यांच्याबरोबर या. एवढं कराच."

६

सोमवारी साहेबांच्या खोलीत पाच माणसं होती. साहेब, बाळाजी, कुंदनशेठ, साधनाताई आणि भिंतीशी उभी दिशा. टेबलावर पिस्तूल.

बाळाजींनी सुरुवात केली. कापूस पांढरा निघाला, म्हणजे गोळी झाडलेली नाही. तुमच्या नावावर मुडदा येणार नाही, शेठ, निर्धास्त राहा. कुंदनशेठनी मोठा सुस्कारा टाकला. मग वाकडं अक्षर, दवाखान्याचे कागद, एका हातानं सरकलेली स्लाइड.

"हे पिस्तूल ठाण्यात आलं तेव्हाच रुळलेलं होतं," बाळाजी म्हणाले. "आता एकच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर शेठच देऊ शकतात. जमा करण्याआधी तुम्ही हे शेवटचं कधी ओढलं होतं?"

कुंदनशेठनी पिस्तुलाकडे पाहिलं.

बाळाजींनी पेच नीट विचार करून टाकला होता. 'कधीच नाही' म्हणाले, तर पिस्तूल तेव्हा घट्ट होतं हे त्यांना ठाऊकच असणार नाही आणि तक्रार गळून पडेल. 'रोज ओढत होतो' म्हणाले, तर ते त्यांनीच रुळवलं आणि तक्रार तशीही गळून पडेल. भीती तिसऱ्या उत्तराची होती. 'त्याच दिवशी सकाळी ओढलं, घट्ट होतं.' ते खोटं ठरलं असतं, पण ठरवायला बाळाजींना साधनाताईंचं नाव घ्यावं लागलं असतं.

कुंदनशेठनी तोंड उघडलं. "त्या दिवशी सकाळीच मी..."

आणि ते थांबले. साधनाताई टेबलावरच्या पिस्तुलाकडे बघत होत्या. नकळत त्यांचा अंगठा वाकवलेल्या बोटावर घट्ट बसला होता आणि मागेपुढे होत होता. कुंदनशेठची नजर त्या बोटांवर गेली, तिथून पिस्तुलाच्या खाचांतल्या पुसलेल्या कुंकवावर, आणि परत बोटांवर. शेठ फुलांच्या धंद्यात मुरलेले होते. कळीवरून फूल ओळखणं त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

ते खुर्चीत मागे टेकले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी रोजच ओढत होतो, साहेब. दसऱ्यापासनं. दोनदोनशे वेळा. सवय व्हावी म्हणून. माझ्याच हातानं रुळलं. ध्यानात नाय राहिलं."

साहेब काही कालचे नव्हते. "असं? मग दाखवा बघू ओढून."

कुंदनशेठनी डावा हात खिशातून काढला. वाकडी, सुकलेली बोटं पहिल्यांदाच सगळ्यांना दिसली. त्यांनी पिस्तूल उजव्या हातात घेतलं आणि डाव्या हाताची तीन बोटं स्लाइडवर ठेवली, चुकीच्या जागी. ओढण्याआधीच त्यांनी डोळे मिटून घेतले. रोज दोनशे वेळा ओढणारा माणूस असं करत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

पण स्लाइड सरकली, सगळी, शेवटपर्यंत. कुंदनशेठनी डोळे उघडले आणि आपल्या हाताकडे असे बघत राहिले, की साहेबांनी पुढचं विचारायचं सोडून दिलं. त्यांनी फक्त कोरा कागद पुढे केला.

तक्रार मागे घेतल्याचं लिहून झालं आणि पिस्तूल शेठच्या म्यानात परत गेलं. सही करून कुंदनशेठ भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "चुकलं माझं, ताई."

दिशानं मान हलवली. तिनं कागद उचलून फायलीत लावला.

७

शेठनी बाळाजींना गाडीनं घरी सोडायचं ठरवलं. मालेगाव स्टँडपर्यंत कोणीच बोललं नाही. मागे बसलेल्या बाळाजींना वाटलं, रिक्षानं गेलो असतो तर बरं झालं असतं.

शेवटी कुंदनशेठनीच सुरुवात केली. "किती दिवस?"

"सत्तर एक."

"मला सांगायचं तरी एकदा."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? आणखी लपवलं असतं." साधनाताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्ही सकाळी कंबरेला लावून निघायचे आन् मी संध्याकाळपर्यंत फाटकाकडं बघत बसायची. एवढंच वाटायचं, आज दोनशे ओढलं, आज जरा सैल झालं असेल. आज वाचतील."

कुंदनशेठनी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत राहिले.

"साधना, त्यात गोळी नसायची."

"काय?"

"कधीच नाय घातली. पंचवीसच्या पंचवीस कपाटात होत्या. मी रिकामंच घेऊन हिंडायचो." त्यांनी वाकडी बोटं स्टिअरिंगवर फिरवली. "घोटीला मला मारत होते तेव्हा त्यातलं एक पोरगं विशीचं पण नव्हतं. मारता मारता रडत होतं ते. भरलेलं जवळ असतं तर मी त्यालाच घातली असती, सगळ्यात जवळ तोच होता. हे लक्षात आलं आन् मला भरायची भीती बसली. नुसतं जवळ असलं की लोक नीट बोलतात, म्हणून लावायचो."

साधनाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. "आन् मी खांदा मोडून घेत होते," त्या म्हणाल्या, "रिकाम्यासाठी!"

मग अचानक त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मागे वळून विचारलं, "काका, रिकामं पिस्तूल बाहेर काढलं तर समोरचा काय करतो?"

बाळाजींनी खरं ते सांगितलं. "तो ते भरलेलं समजतो. आणि तुमच्या आधी मारतो."

"गाडी वळवा," साधनाताई नवऱ्याला म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ताच्या आत्ता."

त्या तिघांना परत दारात पाहून दिशाचा चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीतून उठलीच. कुंदनशेठनी घाईघाईनं हात वर केला आणि म्यानासकट पिस्तूल तिच्या टेबलावर ठेवलं.

"तसं काय नाय, ताई. जमा करून घ्या. परवाना परत करायचा अर्ज पण कसा लिहायचा, तेवढं सांगा."

दिशानं बाळाजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तिनं पिस्तूल काढून रिकामं असल्याची खात्री केली, रजिस्टर उघडलं, नंबर लिहिला आणि पेन थांबवलं.

"शेठ, इथं कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

कुंदनशेठनी इकडेतिकडे पाहिलं. मागे दोन पोलीस, बाकावर तक्रार घेऊन आलेली तीन माणसं, सगळी त्यांना ओळखणारी. त्यांचा डावा हात टेबलावरच होता. तो त्यांनी तिथंच राहू दिला.

"भीती वाटते, असं लिहा," ते म्हणाले.

दिशानं तसंच लिहिलं.